पंक्तिभेद आणि शाळा

बीडहून दक्षिणेस सोलापूरच्या वाटेने निघाले म्हणजे बालाघाटाच्या डोंगरात मांजरसुंबा हे गाव लागते. गाव लहान, परंतु त्याचे स्थान मोक्याचे आहे. येथून एक रस्ता केज-अंबाजोगाईकडे उतरतो, दुसरा पाटोद्यावरून नगरकडे जातो, आणि उत्तर-दक्षिण धावणारा हमरस्ता बीड व सोलापूर यांना जोडतो. जवळच कपिलधार येथे मन्मथस्वामींची समाधी आहे. वीरशैव संप्रदायातील या सत्पुरुषाने आपले 'परमरहस्य' मराठीत रचले, आणि कार्तिकातील यात्रेला दूरदूरचे भाविक आजही या डोंगरात येतात. उत्तरेस बीड शहरात शहेनशाहवली यांचा दर्गा आहे. पूर्वेस अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंत यांची स्थाने आहेत. मुसलमान घरात जन्म घेऊन 'योगसंग्राम' लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचे घराणेही मूळ याच परिसरातले.

इतके संत, इतके पंथ आणि इतक्या वाटा ज्या भूमीत एकत्र आल्या, तेथे धर्मद्वेषाला थारा मिळू नये, अशी सहज अपेक्षा होते. इतिहास मात्र तसे सांगत नाही. याच मराठवाड्यात १९४८ साली शेजाऱ्याने शेजाऱ्याचा गळा धरला. संतवाणी लोकांच्या ओठांवर होती, पण ती आणीबाणीच्या प्रसंगी हातांपर्यंत पोहोचली नाही. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, सहिष्णुता ही केवळ सांगून शिकविता येते काय? आणि येत नसेल, तर शाळेने काय करावे? महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर दडलेले आहे. ते पाठ्यपुस्तकांत फारसे नाही. ते वर्गातील बैठकीत, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणि पाण्याच्या हंड्यापाशी शोधावे लागते.

इंग्रजी अमलात १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळांतील शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील असे ठरविले. धोरण कागदावर स्वच्छ होते. परंतु दोनच वर्षांनी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा त्या धोरणाची कसोटी लागली. एकासाठी बहुतेकांच्या इच्छेविरुद्ध जाणे इष्ट नाही, असे म्हणून मुंबई सरकारने त्याची बाजू घेतली नाही. वरिष्ठांनी पुढे सरकारी शाळा सर्वांस मोकळ्या असाव्यात हे तत्त्व उचलून धरले, तथापि त्या मुलाला त्याचा काय उपयोग? शाळेने कोणताही धर्म शिकविला नाही म्हणजे शाळा निःपक्षपाती झाली, हा समज किती अपुरा आहे, ते या एका प्रकरणाने दाखवून दिले. पुस्तकात धर्म नव्हता. तो उंबरठ्यावर बसला होता.

जोतीराव फुले यांनी हे ओळखले होते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या या पुरुषाने आयुष्याच्या अखेरीस 'सार्वजनिक सत्यधर्म' या ग्रंथात एका कुटुंबाची कल्पना मांडली. त्या घरातील आई, बाप, मुलगी, मुलगा हे निरनिराळे धर्म स्वीकारतात, आणि तरीही एकमेकांचा द्वेष न करता एका छपराखाली प्रेमाने नांदतात. ग्रंथ १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. या कल्पनेतील मर्म असे की, जोतीरावांनी सर्वांना एका धर्मात आणले नाही. एका घरात आणले.

हे घर प्रत्यक्षात कसे उभारावयाचे, हा पुढल्या पिढीचा प्रश्न होता. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी त्यास व्यवहाराच्या बाजूने हात घातला. खेड्यांतील मुलगा शिकत नाही याचे एक कारण त्याला शहरात राहावयास जागा नाही, हे जाणून त्यांनी वसतिगृहांना आश्रय दिला. १९०१ मध्ये मराठा वसतिगृह निघाले. त्याच साली जैनांचे, १९०६ मध्ये मुसलमानांचे, त्यानंतर लिंगायतांचे, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांकरिता मिस क्लार्क वसतिगृह निघाले. प्रत्येक समाजाला आपल्या मुलांची काळजी वाटावी, त्याने आपला पैसा द्यावा, आणि कोणाच्याही आईबापांस धर्म बुडण्याचे भय राहू नये, असा या योजनेचा हिशेब होता. त्या काळी एकत्र वसतिगृह काढले असते, तर कित्येक जातींची मुले तेथे फिरकलीच नसती. शिक्षण प्रथम, एकत्र येणे नंतर, हा तो क्रम होता. पुढे १९१९ साली महाराजांनीच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम काढला. म्हणजे वेगळेपण ही पायरी होती, मुक्काम नव्हता.

परंतु पायरीवरच घर बांधून राहण्याची माणसाला सवय असते. याच कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थ्यास त्याचा अनुभव आला. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास तो गेला, आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्याने नकार दिला. त्याबद्दल त्याला वसतिगृह सोडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील, पुढे महाराष्ट्राने ज्यांना कर्मवीर म्हटले ते. जन्म १८८७, गाव कुंभोज, घराणे जैन.

भाऊरावांनी या प्रसंगापासून जो बोध घेतला तो मननीय आहे. जातिभेद वाईट, असे सांगणारी व्याख्याने त्यांनी दिलीच. परंतु त्यांचा भर व्याख्यानावर नव्हता. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एक वसतिगृह काढले. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी मुले तेथे एकत्र राहू लागली. मुलांनीच पाणी भरावे, मुलांनीच भाकरी भाजाव्यात, मुलांनीच शेतात राबावे आणि सर्वांनी एका पंक्तीस बसून जेवावे, असा तेथील शिरस्ता होता. संस्थेपाशी पैसा नव्हता. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही राखले नाही. १९२७ साली महात्मा गांधी साताऱ्यास आले तेव्हा या वसतिगृहास त्यांच्या हस्ते शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. ज्या राजाने वेगळ्या वसतिगृहांना आश्रय दिला, त्याचे नाव एकत्र वसतिगृहास मिळाले, यात विसंगती नाही; त्या कार्याची ती पुढची पायरी होय.

या वसतिगृहाचे रहस्य कशात होते? शेजारच्या मुलाच्या हातची भाकरी ज्याने चार वर्षे खाल्ली, त्याला त्या मुलाच्या जातीविषयी घरी ऐकलेल्या गोष्टी पुन्हा खऱ्या वाटणे अवघड जाते. तापाने फणफणत असता ज्याने उशाशी बसून रात्र काढली, तो 'त्यांच्यापैकी' राहत नाही, त्याला नाव मिळते. द्वेष हा नेहमी घोळक्याचा होतो. माणूस नावानिशी माहीत झाला म्हणजे त्याच्याशी भांडण होऊ शकते, त्याचा रागही येऊ शकतो, पण त्याचे घर जाळण्यास हात धजत नाही. उपदेशाने हे साधत नाही, कारण उपदेश ऐकणारा मुलगा मान डोलावतो आणि मधल्या सुटीत आपल्याच जातीच्या मुलांत जाऊन बसतो.

आता साताऱ्याहून पुन्हा बालाघाटाकडे वळावयास हवे, कारण तेथील परिस्थिती निराळी होती. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातील सुमारे चौथा हिस्सा प्रजा मराठी बोलणारी, परंतु राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण एका देशी भाषेतून देण्याचे धाडस केले, ही गोष्ट हिंदुस्थानच्या इतिहासात खरोखर महत्त्वाची आहे. मात्र ती भाषा बहुसंख्य प्रजेच्या घरातील नव्हती. मराठी, तेलुगू किंवा कानडी मुलगा सरकारी शाळेत मुसलमान मुलाच्या शेजारी बसे, पण आपली भाषा दाराबाहेर ठेवून. खासगी शाळांवर १९२४ च्या नियमांनी परवानगीचे बंधन घातले, आणि मातृभाषेची वाट आणखी अरुंद झाली.

म्हणून साताऱ्याच्या धड्याला येथे एक महत्त्वाची पुरवणी जोडावी लागते. केवळ एकत्र बसणे पुरे नव्हे. बरोबरीने बसणे हवे. एकाची भाषा राजाची आणि दुसऱ्याची भाषा रयतेची, अशी बैठक असली, तर शेजारही मैत्री घडवीत नाही, तो सल वाढवितो. १९३८ च्या अखेरीस याचा प्रत्यय आला. औरंगाबादच्या महाविद्यालयीन वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली, विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, आणि चळवळ उस्मानिया विद्यापीठापर्यंत पसरली. शेकडो विद्यार्थ्यांस संस्थानातील शिक्षण सोडावे लागले; त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. एका छपराखाली राहणारे विद्यार्थी प्रार्थनेवरून दोन तटांत उभे राहिले, कारण त्या छपराखाली सर्वांना सारखे स्थान नव्हते.

या अंधारात मराठवाड्यातील काही शिक्षणसंस्थांनी दिवा तेवत ठेविला. असहकारितेच्या वातावरणात १९२१ साली तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगे येथे राष्ट्रीय शाळा निघाली. तेथे व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण शिक्षक झाला, आणि संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयात आले, आणि १९३८ पर्यंत तेथे त्यांनी मुख्याध्यापकाचे काम केले. पुढे त्यांनी ज्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेतृत्व केले, तिच्यावर जातीय संघटना म्हणून निजाम सरकारने जन्मापूर्वीच बंदी घातली होती. भगवी वस्त्रे धारण करणाऱ्या या संन्याशाने तो लढा मुसलमानांविरुद्धचा नसून अनियंत्रित सत्तेविरुद्धचा आहे, हे आयुष्यभर सांगितले. तरीही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. या खासगी मराठी शाळांत मुख्यतः हिंदू मुले आली. त्यांतून देशभक्त निर्माण झाले, पण शेजारच्या मोहल्ल्यातील मुलगा त्यांचा वर्गबंधू झाला नाही. हा दोष त्या शिक्षकांचा नव्हे, त्या राज्यव्यवस्थेचा होता. परिणाम मात्र सर्वांना भोगावे लागले.

ते परिणाम १९४८ मध्ये दिसले. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी गावोगाव लूट, जाळपोळ आणि खून केले. त्या अत्याचारांना विरोध करणाऱ्यांत मुसलमानही होते. हिंदुस्थानात सामील होण्याचा पुरस्कार करणारे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत हिंदी सैन्याच्या कारवाईने संस्थान मुक्त झाले. त्यानंतर सूडाची लाट उसळली आणि ती निरपराध मुसलमान कुटुंबांवर कोसळली. भारत सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांनी त्या वर्षाच्या अखेरीस संस्थानात हिंडून पाहणी केली. कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड होते. त्यांच्या खालोखाल जे चार जिल्हे, त्यांत बीडचे नाव आहे. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. मराठवाड्यात मुक्तिदिन दर वर्षी १७ सप्टेंबरला साजरा होतो, आणि तो व्हावयासच हवा. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांविषयी शाळेतील मुलास बहुधा काही सांगितले जात नाही.

या अहवालात एक नोंद अशी आहे की, ती प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावी. त्या भीषण दिवसांत अनेक हिंदूंनी मुसलमानांना आश्रय दिला, आणि ही आपुलकी एकाच धंद्यातील लोकांत विशेष आढळली. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, आणि त्यासाठी स्वतःचे प्राणही गमावले. त्यांना कोणी सर्वधर्मसमभावाचा धडा शिकविला नव्हता. एकाच धंद्याने त्यांना जवळ आणले होते. सूत, बाजार आणि कर्ज यांची चिंता त्यांनी एकत्र वाहिली होती. साताऱ्याच्या स्वयंपाकघरात जे मुलांना मिळाले, तेच या विणकरांना मागावर मिळाले होते.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नावर पुष्कळ विचार झाला. राधाकृष्णन् यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ आयोगाने १९४९ मध्ये दिवसाचा आरंभ मूक चिंतनाने व्हावा आणि निरनिराळ्या धर्मसंस्थापकांची चरित्रे शिकवावीत, अशी शिफारस केली. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत धार्मिक शिक्षण वर्ज्य केले. १९५९ मध्ये श्रीप्रकाश समिती नैतिक शिक्षणाच्या विचारासाठी नेमली गेली. या सर्व योजना चांगल्या हेतूने झाल्या, परंतु त्यांचा रोख मुख्यतः काय शिकवावे याकडे होता. मूळ रोगावर बोट ठेविले ते कोठारी आयोगाने. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाने सांगितले की, श्रीमंताची शाळा वेगळी आणि गरिबाची वेगळी राहील तोवर समाज एक होणार नाही. म्हणून प्रत्येक मुलाने आपल्या परिसरातील सामायिक शाळेत जावे. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरच्या मातीतले आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी निगडित होते, हा योगायोग लक्षणीय आहे. त्यांची ही शिफारस मात्र आजवर अमलात आलेली नाही. उलट शहरांतील सुशिक्षित घरांनीच आपली मुले सामायिक शाळेतून प्रथम काढून घेतली.

मराठवाड्यात याच सुमारास एक वेगळा प्रयत्न झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले आणि त्याला पुढे मिलिंद हे नाव दिले. मिलिंद हा ग्रीक राजा. त्याने भिक्षू नागसेनाला निर्भीडपणे प्रश्न विचारले, आणि पटलेले उत्तर प्रांजळपणे मान्य केले. साताऱ्याच्या शाळेत बंधुभावाचा जो वस्तुपाठ मिळाला, त्याला या नावाने विवेकाची जोड दिली. सहिष्णुता म्हणजे परधर्माविषयी गप्प बसणे नव्हे. आदर ठेवून विचारणे आणि ऐकणे होय.

हा सर्व इतिहास जुना झाला, असे समजण्याचे कारण नाही. ३० मार्च २०२५ रोजी, ईदच्या आदल्या दिवशी पहाटे, बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात अर्धमसला या गावी मशिदीत जिलेटिनचा स्फोट घडविण्यात आला. जातीजातींतील तेढ तर या जिल्ह्यात इतकी वाढली की, त्याच वर्षी जिल्ह्याच्या पोलीस दलाने कर्मचाऱ्यांच्या टेबलावरील पाट्यांवरून आडनावे काढून केवळ पहिली नावे ठेविली. हा उपाय लहान आहे, परंतु त्याची दिशा अचूक आहे. त्यात भाषण नाही; रोजच्या व्यवहारातील एक खूण बदललेली आहे. तो उपाय पोलीस ठाण्यात पोहोचण्यापूर्वी शाळेत पोहोचावयास हवा होता.

येथे एक आक्षेप संभवतो. शाळेच्या दाखल्यावर जात लिहावीच लागते. ती खोडली तर ज्यांना शतकानुशतके शाळेबाहेर ठेविले, त्यांचे हक्क बुडतील. हा आक्षेप रास्त आहे. नोंदवहीतील जात हे न्यायाचे साधन आहे, ती तेथे राहावी. परंतु हजेरी घेताना, बाकावर बसविताना आणि बक्षीस देताना ती शिक्षकाच्या तोंडी येऊ नये. नोंदवही आणि वर्ग यांतील हा भेद ज्या शिक्षकाला पाळता येतो, त्याच्या वर्गातील मुलाला समतेची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

साधने आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेत शिजविलेले माध्यान्ह भोजन देशभर सुरू झाले. भाऊरावांना जी पंक्ती दागिने मोडून मांडावी लागली, ती आता सरकारी खर्चाने प्रत्येक गावात मांडली जाते. खिचडीच्या त्या ताटाकडे केवळ पोषण म्हणून पाहणे ही मोठी चूक होय. ती समतेची रोजची तासिका आहे, आणि जेथे मुले जातवार बसतात किंवा स्वयंपाकिणीची जात विचारली जाते, तेथे ती तासिका वाया जाते. बीड जिल्हा हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दिवाळीनंतर हजारो कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि मुलांची शाळा सुटते. त्यांच्याकरिता गावात हंगामी वसतिगृहे चालतात, आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना मंजूर केली. या योजनेत प्रवेशाची अट जात नसून आईबापांचे श्रम ही आहे. कोयता सर्व जातिधर्मांच्या हातात असतो. म्हणून या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीस येऊ शकतात. विणकरांना जे मागाने दिले, ते या मुलांना श्रमाच्या नात्याने मिळू शकेल, जर तेथील व्यवस्थापकाला आपल्या हाती केवळ धान्याचा हिशेब नाही हे उमगले तर.

अखेर शिक्षकाचा प्रश्न उरतो. ज्याला दोन्ही दुःखे सांगण्याचे धैर्य आहे, रझाकारांनी जाळलेली घरेही आणि त्यानंतर जळालेली घरेही, तोच इतिहास शिकविण्यास पात्र होय. एकच दुःख सांगणारा शिक्षक मुलांच्या हाती इतिहास देत नाही, काडी देतो. आणि सुशिक्षित पालकांनी स्वतःस एवढेच विचारावे: आपल्या मुलाच्या वर्गात, त्याच्या डब्याच्या वाटेकऱ्यांत आणि त्याच्या वाढदिवसाच्या पाहुण्यांत, आपल्याहून निराळ्या धर्माची वा जातीची किती मुले आहेत? त्या संख्येवरून त्याला मिळालेल्या शिक्षणाचा जितका अंदाज येईल, तितका त्याच्या प्रगतिपुस्तकावरून येणार नाही.